कचेरीचा रंग कोणी निवडला?

चंदीगडला उतरणारा प्रवासी बहुधा सिमल्याच्या वाटेवर असतो. एक रात्र मुक्काम, सकाळी सुखना सरोवरावर फेरी, गुलाबांची बाग, रॉक गार्डन, की लगेच कालक्याची गाडी. अशा माणसाला ‘अर्धा दिवस काढून इथल्या सरकारी कचेऱ्या बघून घ्या’ असे सांगितले तर तो हसेल. रजा काढायची, आरक्षण करायचे, मुलाबाळांना घेऊन हजार मैल यायचे आणि पाहायचे काय, तर सचिवालय!

पण सेक्टर १ मधल्या या कचेऱ्या पाहायला परदेशांतून मुद्दाम लोक येतात. ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पकाराच्या सात देशांतल्या १७ वास्तू युनेस्कोने २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. त्यांत चंदीगडचा हा कॅपिटॉल परिसर आहे. म्हणजे ताजमहालाच्या पंगतीला बसलेले हे सचिवालय आणि हे हायकोर्ट. फरक एवढाच की, ताजमहालात कोणाला रोज सकाळी हजेरी लावून संध्याकाळपर्यंत फाइली उपसाव्या लागत नाहीत. इथे लागतात.

सरकारी कचेरी म्हटली की एक ठरावीक रंग डोळ्यांपुढे येतो. कमरेपर्यंत तपकिरी नाही तर हिरवा ऑइलपेंट, त्याच्यावर पिवळट डिस्टेंपर. जिथे हात, पाठ आणि खुर्च्या घासतात तिथे पुसता येणारा रंग, वर स्वस्तातला. त्यात सौंदर्य नसेल, पण हिशेब चोख आहे. चंदीगडमध्ये हा हिशेब बाजूला ठेवून कोणीतरी रंगाचा वेगळा विचार केला, आणि तो तिथे बसणाऱ्यांना पटला का, हीच या परिसरातली खरी बघण्यासारखी गोष्ट आहे.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी केला होता. १९५० साली नोविकी विमान अपघातात गेले आणि काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. फेब्रुवारी १९५१ मध्ये ते प्रथम येथे आले. करार असा होता की, त्यांनी वर्षातून दोनदा, साधारण महिना महिना येऊन राहायचे. रोजचे काम बघायला त्यांचे चुलतभाऊ पियर जानरे कायमचे इथे राहिले. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य होते, आणि एक तरुण भारतीय मंडळींची फळी होती. ही सगळी मंडळी जिथे बसून नकाशे काढत ती सेक्टर १९ मधली बसकी, साधी कचेरी आता ल कॉर्बुझिए केंद्र म्हणून पाहता येते. सुरुवात तिथून करावी. पुढे दिसणाऱ्या भव्य गोष्टी किती साध्या जागेत आखल्या गेल्या, ते आधी कळलेले बरे.

रंग हा कॉर्बुझिएंचा जुना ध्यास. ते स्वतः रोज चित्रे काढत. १९३१ साली त्यांनी एका स्विस वॉलपेपर कंपनीसाठी ४३ छटा निवडून दिल्या होत्या, १९५९ मध्ये आणखी २० दिल्या. त्यांचे म्हणणे असे की, निळा भिंतीला मागे सारतो, खोली मोठी भासवतो. लाल भिंतीला जागच्या जागी खिळवून ठेवतो. त्यांच्या लेखी रंग म्हणजे भिंतीला मागाहून चढवायचा साज नव्हता. वीट-सिमेंटासारखेच तेही बांधकामाचे साहित्य होते.

हायकोर्टासमोर उभे राहिले की हे म्हणणे समजते. ही कॅपिटॉलमधली पहिली पुरी झालेली इमारत. १९५५ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पोलाद महाग आणि दुर्मीळ होते म्हणून सगळे काम काँक्रिटचे, तेही उघडे, गिलावा न केलेले. उन्हापावसापासून बचावासाठी इमारतीवर छत्रीसारखे दुसरे छप्पर उभे केले आहे. त्या छपराखाली प्रवेशद्वाराशी तीन प्रचंड खांबभिंती आहेत: एक हिरवी, एक पिवळी, एक लाल. सुरुवातीला त्या पांढऱ्या होत्या, रंग काही वर्षांनी आला. बाकी इमारत करडी, राखाडी, पावसाच्या ओघळांनी काळवंडलेली.

रंग नेमका कुठे दिला आहे ते पाहण्यासारखे आहे. पंजाबातले मे-जूनचे ऊन पांढऱ्या भिंतीवर पडले तर डोळे दिपतात. भडक रंगाची भिंत तर उन्हात विटूनच जाते. इथे रंग सावलीत ठेवला आहे. लांबून, उन्हातून चालत येणाऱ्या पक्षकाराला आधी राखाडी डोंगर दिसतो आणि सावलीत शिरता शिरता रंग उजळत जातो. चिंतेने वाळलेल्या माणसाला दरवाजा कुठे आहे, ते पाटी न वाचता कळते. रंगाचे हे काम पक्के जमले आहे.

आतले मात्र तितके जमले नाही.

न्यायालयाच्या दालनांत काँक्रिटमुळे आवाज घुमे. वकील बोलायचा आणि शब्दावर शब्द आदळायचे. त्यावर उपाय म्हणून कॉर्बुझिएंनी न्यायासनामागच्या भिंतीवर लोकरीचे विणलेले प्रचंड पडदे योजले. आठ दालनांसाठी प्रत्येकी ६४ चौरस मीटरचा आणि मुख्य न्यायमूर्तींच्या दालनासाठी १४४ चौरस मीटरचा, असे एकूण नऊ. विणकाम काश्मीरमधल्या कारागिरांनी काही महिन्यांत पुरे केले. लाल, पिवळे, हिरवे, काळे असे मोठमोठे चौकोन आणि त्यांत सूर्य, ढग, वीज, तराजू, पावलांचे ठसे.

आवाज शोषला गेला, पण कुरबूर सुरू झाली. काही न्यायमूर्तींना हे पडदे मुळीच पसंत पडले नाहीत. ते उतरवावेत अशी मागणी झाली, आणि काही दालनांतून ते काढलेही गेले. कॉर्बुझिएंना याचा फार संताप आला. कलेच्या इतिहासाची पुस्तके ही हकिगत बहुधा रसिक विरुद्ध अरसिक अशा थाटात सांगतात. ते जरा अन्यायाचेच वाटते. पडदा न्यायमूर्तींच्या पाठीमागे असतो. त्यांना तो दिसतच नाही. तो दिवसभर दिसतो वकिलांना, पक्षकारांना, साक्षीदारांना. न्यायमूर्तींना दिसतात त्या पडद्याकडे भिरभिरणाऱ्या नजरा. ज्याचे सारे काम समोरच्याने आपल्याकडे लक्ष देण्यावर चालते, त्याच्या डोक्यामागे बारा-बारा मीटरचे तळपते चित्र टांगायचे आणि त्याला विचारायचेही नाही, हे कोणत्या कचेरीत खपेल? चित्रे सुरेख आहेत, यात वाद नाही. वाद वेगळा आहे.

चौकाच्या पलीकडे विधानभवन. आतल्या मोठ्या दालनात काळे छत आणि त्याखाली खांबांचे रान. भर दुपारीही डोळ्यांना गारवा वाटतो. बाहेर मीनाकारी केलेला प्रचंड दरवाजा, फ्रान्सने दिलेली भेट. त्यावरचे ११० पत्रे कॉर्बुझिएंनी स्वतः रंगवले. हा दरवाजा एरवी बंदच असतो, खास प्रसंगी उघडतो. रोज ये-जा करणाऱ्यांची वाट दुसरी. त्यामुळे त्याच्या रंगांबद्दल कोणाची तक्रार नाही.

आता सचिवालय. २५४ मीटर लांब आणि ४२ मीटर उंच असा हा काँक्रिटचा पट्टा १९५८ मध्ये पुरा झाला. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाब आणि हरियाणा वेगळे झाले आणि एकाच इमारतीत दोन राज्यांचे संसार थाटले गेले. पुढच्या-मागच्या बाजूंनी बाहेर काढलेल्या उतरणींवरून कर्मचारी वर चढत जातात. गच्चीवरून शिवालिकच्या टेकड्यांचे दृश्य फार सुंदर दिसते. पण हायकोर्टात जी रंगांची उधळण आहे ती इथे नाही. हजारो माणसे जिथे दिवस काढतात ती इमारत जवळजवळ सगळी करडी आहे. उन्हाला अडवणाऱ्या काँक्रिटच्या खोल चौकटींमुळे आत ऊन येत नाही, हे उन्हाळ्यात वरदानच; पण त्यामुळे मार्गिकांत दिवसाही दिवे लावावे लागतात.

काळाबरोबर आत आडोसे उभे राहिले, कपाटांच्या रांगा लागल्या, दर्शनी भागावर वातानुकूलन यंत्रांचे डबे लटकले. वास्तुकलेचे अभ्यासक हे पाहून हळहळतात. त्यांची हळहळ खरी आहे. पण कर्मचाऱ्याने टेबलाच्या काचेखाली सरकवलेला देवाचा फोटो, फुलाफुलांचे कॅलेंडर, खुर्चीच्या पाठीवरचा रंगीत टॉवेल, यांना विद्रूपीकरण म्हणायचे का? कुठल्याही कचेरीत माणूस बदलून आला की पहिल्या आठवड्यात हेच करतो. चार चौरस फुटांपुरता का होईना, रंग आपला असावा लागतो.

या भावनेला अभ्यासाचाही थोडा आधार आहे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या नॅन्सी क्वालेक यांनी माणसांना वेगवेगळ्या रंगांच्या खोल्यांत बसवून कारकुनी कामे करायला दिली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात अशा नऊ खोल्या होत्या. मुद्रिते तपासताना पांढऱ्या खोलीत चुका अधिक झाल्या. गंमत अशी की, काम करायला पांढरी खोली बरी, असेही लोक म्हणत होते. जे आवडते तेच मानवते असे नाही! त्यांच्या पुढच्या कामातून आणखी एक गोष्ट दिसली. आजूबाजूच्या गोष्टींकडे सहज काणाडोळा करू शकणारी माणसे आणि तसे न जमणारी माणसे यांच्यावर एकाच रंगाचा परिणाम वेगवेगळा होतो. तेव्हा ‘निळ्याने डोके शांत राहते, लालने काम वेगाने होते’ असली सूत्रे सांगणाऱ्यांकडे जरा सावधपणे पाहावे. गुलाबी कोठडीत कैदी निवळतात, असा अमेरिकेत १९७९ च्या सुमारास मोठा गाजावाजा झाला होता; नंतरच्या प्रयोगांत तो टिकला नाही.

रंगाहून अधिक फरक उजेडाने पडतो. सकाळच्या उन्हात प्रसन्न वाटणारी फिकट हिरवी भिंत ट्यूबलाइटखाली आजारी दिसते. दुकानात बोटाएवढ्या तुकड्यावर पाहिलेली छटा चारी भिंतींना दिली की गडद भासते, कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात. घर रंगवायला काढलेल्या कोणालाही हा अनुभव असतो. कचेरी रंगवताना मात्र नमुना आणतो एक, सही करतो दुसरा आणि बसतो तिसरा.

चंदीगडच्या कचेऱ्यांतला एक रंग सर्वांशी जुळला होता, आणि तो रंग म्हणून कोणी निवडलाच नव्हता. पियर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कचेऱ्यांसाठी सागवानाच्या आणि वेताच्या खुर्च्या केल्या. तिरप्या पायांच्या, हलक्या, इथल्याच सुतारांनी बनवलेल्या. करड्या काँक्रिटसमोर सागवानाचा तो ऊबदार तांबूस रंग विलक्षण खुलतो. वेतातून वारा खेळतो, पाठ घामेजत नाही. जानरे १९६५ पर्यंत इथे राहिले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी सुखना सरोवरात विसर्जित केल्या गेल्या. गावातला उन्हाळा त्यांनी अंगावर काढला होता, ते खुर्चीत बसले की कळते. पुढे या खुर्च्या मोडकळीला आल्या म्हणून गच्च्यांवर, आवारांत ढिगाने टाकल्या गेल्या आणि कवडीमोलाने लिलावात गेल्या. परदेशच्या लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखो रुपये येऊ लागले तेव्हा जाग आली. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसा फर्निचरच्या विक्रीला मनाई केली.

कॅपिटॉल पाहायला ओळखपत्र घेऊन जावे लागते. पर्यटन खात्याच्या वाटाड्यासोबत ठरावीक वेळी फेरी निघते, एकट्याने भटकता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळची वेळ सर्वांत चांगली. परिसरातला ‘खुला हात’ हा २६ मीटर उंचीचा, वाऱ्याबरोबर फिरणारा पत्र्याचा हात आवर्जून पाहावा. कॉर्बुझिए १९६५ मध्ये वारले, हात उभा राहिला १९८५ मध्ये.

तिथून बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटे चालले की रॉक गार्डन लागते. बहुतेक प्रवासी हे पाहतात, पण कचेऱ्या पाहून मग पाहिले तर त्याची वेगळीच गंमत येते. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते, याच राजधानीच्या कामावरचे साधे सरकारी नोकर. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कचेरी सुटल्यावर ते सायकलवरून रानातल्या एका मोकळ्या जागेत जात. शहरासाठी उठवलेल्या गावांच्या ढिगाऱ्यांतून वेचलेल्या कपबश्या, फुटक्या फरशा, काचेच्या बांगड्या सिमेंटमध्ये बसवून ते माणसे, हत्ती, मोर, नाचणाऱ्या बाया घडवीत. जागा सरकारी, परवानगी कुणाची नाही. वर्षानुवर्षे कोणाला पत्ता नव्हता. उघडकीला आले तेव्हा पाडून टाकण्याचीच वेळ होती, पण अधिकाऱ्यांतल्या काही जाणत्यांनी ते वाचवले. १९७६ मध्ये बाग लोकांना खुली झाली आणि सरकारने नेकचंदांना पगार व मजूर देऊन त्याच कामावर नेमले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते वारले.

इथे लाल, हिरवा, निळा, बांगड्यांचा केशरी, सगळे रंग आहेत आणि त्यांतला एकही कोणत्या तक्त्यावरून निवडलेला नाही. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाच्या वाहनतळाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी या बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. तेव्हा चंदीगडचे नागरिक भिंतीपाशी जमून निषेध करीत होते.