अठ्ठावीस आणि वीस

म्हातारपणी दिसेनासे व्हायचेच, असे आपण धरून चालतो. चाळिशी उलटली की चष्मा, साठी उलटली की मोतीबिंदू; एकावर भिंग आणि दुसऱ्यावर शस्त्रक्रिया असल्यामुळे त्यांची फारशी धास्ती कोणाला वाटत नाही. परंतु उतारवयात दृष्टी नेणारा आणखीही एक विकार आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाची एक लहानशी जागा असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे तिच्यावर सोपविलेली. ती जागा झिजू लागली की कडेचे दिसत राहते आणि नेमके मधले पुसले जाते. डॉक्टर याला मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात.

माझ्या आजीच्या उजव्या डोळ्याचे असेच झाले आहे. समोर बसलेल्याची टोपी दिसते, कान दिसतात, तोंड तेवढे दिसत नाही, असे ती सांगते. शेजारच्या कन्नड काकूंना ती ‘बर्रि, बर्रि’ म्हणते ते त्यांच्या आवाजावरून. डाव्या डोळ्यातही विकाराच्या खुणा दिसल्यावर डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मामाने दोन बाटल्या आणल्या. एक आजीसाठी आणि एक स्वतःसाठी. ‘‘आईला झाले, उद्या मला होईल. आधीपासून घेतलेली बरी,’’ हा त्याचा हिशेब. मामाची पंचावन्नी झाली आहे, नजर धड आहे आणि विडी सोडून चार वर्षे झाली आहेत. त्या दुसऱ्या बाटलीमुळे मी या गोळीची हकीकत वाचू लागले.

डोळ्याच्या पडद्यावर सतत प्रकाश पडतो आणि तेथे प्राणवायूचा वापरही मोठा असतो. त्यामुळे पेशींना इजा करणारे रेणू तेथे तयार होत राहतात. क आणि ई जीवनसत्त्वे, गाजरातले बीटा कॅरोटीन अशी द्रव्ये त्या रेणूंना आवर घालतात; हीच अँटिऑक्सिडंट. तेव्हा ती भरपूर दिली तर दृष्टी टिकेल, हा तर्क सरळ आहे. पण सरळ तर्क खरा ठरतोच असे नाही. बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग टळेल, या आशेने फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष आला तो उलटाच. ते घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्के अधिक निघाला!

डोळ्यांसाठीची कसोटी अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने घेतली. १९९२ पासून ११ केंद्रांतून ५५ ते ८० वयाची माणसे निवडण्यात आली. त्यांपैकी पीतबिंदूच्या चाचणीतील ३,६४० जणांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, चार गट पाडले. एकाला जीवनसत्त्वे व बीटा कॅरोटीन, दुसऱ्याला जस्त व थोडे तांबे, तिसऱ्याला हे सारे आणि चौथ्याला दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी. आपल्या वाट्याला काय आले हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ हे चालले आणि २००१ साली उत्तर मिळाले. ज्यांचा विकार मध्यम अवस्थेला पोहोचला होता किंवा ज्यांचा एक डोळा त्यात गेला होता, अशांपैकी रिकामी गोळी घेणाऱ्या शंभरात २८ जणांचा विकार पाच वर्षांत अखेरच्या टप्प्याला जाण्याचा संभव दिसला. सारे मिश्रण घेणाऱ्यांत २० जणांचा. गेलेली दृष्टी परत येत नाही आणि मोतीबिंदूही टळत नाही. विकार नुकताच सुरू झालेल्यांना लाभ झाल्याचे दिसले नाही.

आजी नेमकी त्या लाभणाऱ्यांच्या गटात बसते. मामा बसत नाही. विकार मुळात होऊच नये म्हणून क आणि ई जीवनसत्त्वांची परीक्षाही अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर झाली आहे. सुमारे आठ वर्षे घेऊनही काही फरक पडला नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. २०१३ सालच्या पुढच्या मोठ्या चाचणीत बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटीन व झियाझँथिन घालून पाहिले. त्यात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक झाला आणि त्यांतले बहुतेक पूर्वी धूम्रपान करून सोडलेले होते. म्हणून आता ल्युटीन घालतात. ते आपल्या दसऱ्याच्या झेंडूतून निघते. मामाच्या बाटलीत ल्युटीनच होते, हे नशीब. विडी ओढणाऱ्यांना हा विकार अधिक होतो. तेव्हा ती सोडली यातच त्याने डोळ्यांसाठी मोठे काम केले आहे, असे मी त्याला सांगितले. त्याने आपली बाटली मुकाट्याने आजीच्या फडताळात ठेवली, पण विचारले, ‘‘गोळी घेऊनही वीस जणांचे जायचेच ना? मग उपयोग काय?’’

प्रश्न रास्त आहे. उपयोग आठ जणांचा. ते आठ कोण हे कोणालाच सांगता येत नाही, पण ते आहेत, एवढे खात्रीने सांगता येते. आणि ती खात्री चौथ्या गटाने दिली आहे. दृष्टी जाईल या भीतीने आलेली ती वयस्क माणसे वर्षानुवर्षे रोज रिकामी गोळी गिळत राहिली. त्यांच्यावाचून २८ हा आकडा मिळाला नसता, आणि २८ नसते तर २० ला काही अर्थ उरला नसता. प्रयोगशाळेत जर्नल पुरे करताना ‘कंट्रोल’चा रकाना आपण घाईघाईने भरून टाकतो. येथे त्या रकान्यात माणसे होती.