झाकणं वेगळं, लपवणं वेगळं



चातुर्मासात सप्तव्यसनांवर एक तरी प्रवचन होतंच. आपण ऐकतो, मान डोलावतो आणि मनात म्हणतो, हे आपल्या घरातलं नाही. जिथे कांदा-लसूण येत नाही तिथे नशा कुठून येणार? पण मुलं दिवसाचा निम्मा वेळ घराबाहेर असतात. आज मंचर, नारायणगाव, उद्या पुणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला, तो आपल्याच जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यात. आणि नशा पुडीचीच असते असंही नाही. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, यांचीही करतात.

दीड वर्षापूर्वी नात्यातली एक सून माझ्याकडे आली. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. दुकानाच्या गल्ल्यातून पैसे कमी होत होते. मुलगा रात्री जागायचा, दुपारपर्यंत झोपायचा, डोळे लाल. जुने मित्र सुटले होते. ती म्हणाली, "काकी, कुणाला सांगू नका. ह्यांना कळलं तर त्याला मारतील, आणि गावात कळलं तर मोठीची सोयरीक अडेल."

दोन्ही भीती खऱ्या होत्या. पण मुलगा दोन्हींच्या मध्ये अडकला होता.

मी कॉमर्सची. तिला म्हटलं, शंका ही कच्ची नोंद असते, तिच्यावरून लगेच ताळेबंद काढायचा नाही. एक वही घे आणि आठ-दहा दिवस तारीखवार लिही: किती वाजता आला, किती जेवला, किती झोपला, किती पैसे कमी झाले. लाल डोळे जागरणाने होतात, मोबाइलनेही होतात. मनाचं आजारपण असेल तरी मूल असंच कोपऱ्यात जातं. पण चार गोष्टी सारख्याच वारांना एकत्र दिसल्या, तर बोलायची वेळ आली असं समजायचं. डॉक्टरांनाही ही वही उपयोगी पडते. आईचं रडणं ऐकून त्यांना तारखा कळत नाहीत.

बोलायचं कसं? मूल नशेत असताना नाही, पाहुण्यांसमोर नाही, जेवणाच्या ताटावर तर नाहीच. आधी नवरा-बायकोने एकमेकांशी बोलावं, म्हणजे दोघांची भाषा एक राहते. मग शांतपणे, "मला हे हे दिसलंय, मला काळजी वाटते, तू सांग." आरोप केला की मूल खोटं बोलतं, आणि एकदा खोटं बोललं की ते सांभाळायला आणखी दहा बोलतं. आणखी दोन गोष्टी. त्याची उधारी आपण गुपचूप फेडायची नाही, नाहीतर नशेचा खर्च आपणच चालवतो. आणि खोलीत कोंडून नशा सोडवायला जायचं नाही. काही नशा एकदम बंद केल्या तर झटके येतात, जिवावर बेततं. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच व्हावं.

देवासमोर शपथ घ्यायला लावली की झालं, असंही काहींना वाटतं. पच्चक्खाणाचं बळ मी कमी लेखत नाही. पण ज्याला मधुमेह आहे त्याला आपण साखरेचं पच्चक्खाण देतो आणि डॉक्टरकडेही नेतो. व्यसन हाही आजार आहे.

हे महाराष्ट्राला समजावून सांगणारा माणूस आपल्या जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा, याचं मला फार कौतुक वाटतं. डॉ. अनिल अवचट. गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर त्यांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. ते उभं केलं अवचटांच्या पत्नीने, डॉ. अनिता अवचट यांनी. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानून मायेने वागवायचं, ही शिस्त त्यांनी घालून दिली. १९९७ मध्ये त्या कर्करोगाने गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं. तिथे रुग्णांच्या बायकांसाठीही 'सहचरी' नावाचा गट आहे. घरात एक व्यसनी असला की आजारी सगळं घर पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

पोलिसांची भीती वाटते त्यांच्यासाठी: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे. जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार होतो, त्याला सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

आता त्या सुनेच्या भीतीबद्दल. आपल्या दर्शनाचाराच्या आठ अंगांत एक आहे स्थिरीकरण: धर्मापासून डळमळलेल्याला पुन्हा स्थिर करणं. दिगंबर भगिनींकडे त्याच्याच आधी उपगूहन येतं: दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न आणणं. त्यांची जिनेंद्रभक्त सेठची कथा आहे. ब्रह्मचाऱ्याच्या वेशातल्या चोराने मंदिरातलं रत्न पळवलं आणि तो पकडला गेला. सेठ लोकांना म्हणाला, "मीच मागवलं होतं." पण एकांतात त्याने चोराला चांगलं खडसावलं. लोकांसमोर झाकलं, त्याच्यासमोर नाही. आपण उलटं करतो. दोष गावापासून लपवतो, डॉक्टरपासून लपवतो, नवऱ्यापासून लपवतो, आणि मुलाशी त्याबद्दल बोलतही नाही. त्यात उपगूहन नाही आणि स्थिरीकरणही नाही.

त्या मुलाचं विचाराल, तर तो गांजा होता. नवऱ्याला सांगताना सून थरथरत होती. त्याने हात उगारला नाही, नुसता बसून राहिला. पुण्यात समुपदेशन सुरू झालं. दिवाळीत मुलगा पुन्हा घसरला. घरच्यांना वाटलं सगळं पाण्यात गेलं, पण समुपदेशकांनी सांगितलं की घसरणं या आजारात होतं, पुन्हा उभं करायचं. आता तो बारावीला आहे. खात्री कुणालाच नाही. मोठीची सोयरीक मात्र झाली.

तुमच्या घरात किंवा शेजारच्या घरात अशी शंका असेल, तर व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसची १४४१६. फोन लावताना आडनाव सांगावं लागेल म्हणून थांबू नका. आणि कुणी विश्वासाने सांगायला आली, तर ऐकून घ्या, तिच्यासोबत पुण्याच्या एसटीत बसा, आणि परत आल्यावर मंडळात एक शब्द काढू नका. तपश्चर्येइतकंच पुण्य यातही आहे, असं मला वाटतं.

जय जिनेंद्र.