पॅच टाकून बघू?

पेशीचा डीएनए बिघडला की पी५३ नावाचा जीन तिची वाढ थांबवतो, नाहीतर तिलाच मारतो. ओव्हरीच्या कॅन्सरच्या सर्वांत कॉमन प्रकारात जवळजवळ दर वेळी हाच बिघडलेला असतो. मग चांगला पी५३ अडेनोव्हायरसमध्ये भरून पोटात सोडा! आम्हा आयटीवाल्यांना हे लगेच पटतं. केमोसोबत ट्रायलही झाली, पण फायदा दिसेना. २००३ पर्यंत ती बंदही पडली. व्हायरस सगळ्या पेशींपर्यंत पोचत नाही, शिवाय बिघडलेला पी५३ चांगल्यालाही काम करू देत नाही. (जुनी प्रोसेस किल न करता नवी चालू केल्यासारखं.) माझी मावशी सध्या केमोवर आहे. विचारते, "तुमच्या त्या जीनचं काही जमेल का रे?" मी तिला पुढच्या सायकलची तारीख सांगतो.