महाडचे पाणी, महाडची भाकरी

अलीकडे सहलींचा एक नवा प्रकार निघाला आहे. देवदर्शन नाही, समुद्रस्नान नाही. वर्तमानपत्रांत, मासिकांत प्रवासाविषयी आणि खाण्यापिण्याविषयी लिहिणाऱ्या पंधरा-वीस जणांना एका गाडीत बसवायचे, एखाद्या भागात दोन दिवस हिंडवायचे, तिथला इतिहास दाखवायचा आणि तिथले जेवण जेवू घालायचे. ही मंडळी परत येऊन लिहितात. ते वाचून इतर लोक त्या गावी जातात, खानावळी चालतात, घरगुती मुक्काम भरतात. यात वाईट काही नाही. कोकणातल्या कितीतरी बायांच्या हातात त्यामुळे दोन पैसे पडतात.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका सहलीचे बोलावणे मला आले. कुटुंबाच्या पानावर पाककृती लिहिते, एवढीच माझी पात्रता. छापील कार्यक्रम हातात पडला. पहिल्या दिवशी पेणचे पोहे-पापड, वालाचे बिरडे, रात्री पोपटी. दुसऱ्या दिवशी रायगड किल्ला, आणि किल्ल्यावर जाता जाता महाडला चवदार तळे, "छायाचित्रांसाठी दहा मिनिटे". बंधु-भगिनींनो, ती दहा मिनिटे माझ्या डोळ्यांत खुपली. संयोजकांना मी फोन केला. म्हटले, आपण खाण्यापिण्याच्या इतिहासासाठी निघालो आहोत ना? मग साऱ्या रायगड जिल्ह्यात महाडइतके मोलाचे गाव दुसरे नाही. तिथे अर्धा दिवस द्या आणि दुपारचे जेवण जवळच्या बौद्धवाडीत घ्या. जेवणाची व्यवस्था मी करते. गृहस्थ समजदार होते. हो म्हणाले.

पहिल्या दिवसाविषयी फार लिहीत नाही. पनवेल सोडले, कर्नाळ्याचा सुळका मागे पडला की पेण येते. तिथले पोहे, पापड, लोणची सर्वांना ठाऊक आहेतच. रात्रीची पोपटी मात्र झकास झाली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवी तर कोंबडी आणि अंडी. तोंड पाल्याने बंद करून मडके उलटे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब लागत नाही, तेलाचाही नाही. गरिबाच्या शेतातला हा पदार्थ आता पाहुण्यांसाठी पैसे घेऊन होतो. शेंगा पिकवणाऱ्याला त्यातले काही मिळत असेल तर आनंदच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणगाव, लोणेरे मागे टाकून आम्ही दासगावला थांबलो. दासगाव हे सावित्रीच्या खाडीवरचे जुने बंदर. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने इथे उतरले. धरमतरचा रस्ता सोयीचा होता, पण मोटारवाल्यांनी ऐन वेळी न्यायचे नाकारले तर काय करायचे? दासगावाहून महाड पाच मैल. तेवढे पायी जाता येते. खाडीकाठी उभे राहून हे सांगितले तेव्हा प्रवासावर लिहिणारा एक तरुण म्हणाला, "म्हणजे बसायला गाडी मिळेल की नाही, हे धरूनच वाट ठरवायची!" त्याने ते वहीत टिपून घेतले. असा विचार करून प्रवास आखण्याची वेळ त्याच्या घराण्यात कोणावर आली नसावी. आपल्या आजोबा-पणजोबांवर ती रोज येत होती.

दासगावाहून महाडकडे जाताना गावाच्या अलीकडे हमरस्त्यालगत डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. छापील कार्यक्रमात त्यांचे नाव नव्हते. पायऱ्या चढून गेले की खाली नदी, शेते आणि महाड गाव दिसते. इथल्या एका शिलालेखात काणभोज विष्णुपालित या राजपुत्राने दिलेल्या दानाची नोंद आहे. त्यात लेणे, चैत्यगृह आणि खोल्या आहेत, आणि त्यांबरोबर पाण्याची टाकीही आहेत. भिक्षूंना राहायला जागा द्यायची तर प्यायला पाणीही द्यायचे, हे त्या दात्याला सांगावे लागले नाही. दगडात खोदलेली ती टाकी आमच्या मंडळींनी वाकून पाहिली. तिथून महाडचे तळे अगदी जवळ. मधला काळ सुमारे अठराशे वर्षांचा. त्या काळात या परिसरात पाण्याला जात चिकटली.

मग आम्ही तळ्यावर गेलो. नावच पाहा, चवदार. साऱ्या महाराष्ट्रात चवीवरून नाव पडलेली तळी किती असतील? खाण्यावर लिहिणाऱ्यांनी खरे तर पहिला मुक्काम इथेच ठोकायला हवा. तळे नगरपालिकेच्या मालकीचे. मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरेढोरे पीत. फक्त अस्पृश्यांना बंदी. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादुर बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला, जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला. महाडला बाजाराला येणारा आपला माणूस तहानलेलाच राहायचा. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या आठवणींत महाडात आपल्या लोकांसाठी सुरू झालेल्या चहाच्या दुकानाची हकीकत आहे. चहा तर होताच, पण तिथे घोटभर पाणी मिळे आणि चार माणसे एकत्र बसत. परिषद भरवण्याच्या चळवळीत पुढे याच मोऱ्यांचा मोठा वाटा होता. आपल्याकडे खाद्यसंस्कृतीवर एवढी पुस्तके निघतात. त्यांत या चहाच्या दुकानाला एक पान तरी मिळावे की नाही?

तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मी मंडळींना परिषदेच्या जेवणाची गोष्ट सांगितली. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसे शिदोऱ्या बांधून, पायी चालत आली. एवढ्या माणसांना प्यायला पाणी कुठले? चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. १९२७ सालचे चाळीस रुपये! शेजारी तळे तुडुंब आणि पाणी विकतचे. बाबासाहेबांनी त्या परिषदेत आपल्या माणसांना खाण्याविषयीही सांगितले. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, उष्टे तुकडे मागून पोट भरू नका, शेती धरा, स्वतःच्या कष्टाचे खा. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने जाऊन सर्वांनी तळ्याचे पाणी प्याले.

त्यानंतरचा भाग ऐकताना सगळे गप्प झाले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई कोणीतरी उठवली. जमाव लाठ्या घेऊन मांडवावर आला. बरेचसे लोक परतले होते. मागे राहिलेले काही जेवत होते, काही सामान बांधत होते. त्यांना मारले, अन्न तुडवले, मातीत कालवले, भांडी ठेचली. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा घ्यावा लागला. मग तळे शुद्ध करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध आणि दही कालवलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या. गटातल्या एका बाईंची दूध-दह्याच्या पक्वान्नांवर दोन पुस्तके आहेत. त्या म्हणाल्या, हे मला कोणी शिकवलेच नाही. मी म्हटले, बाई, शाळेत आम्हालाही नाही शिकवले. घरी शिकवले.

डिसेंबरच्या परिषदेची कथा आणखी वेगळी. महाडच्या व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारले म्हणून दहा दिवस पुरेल एवढा शिधा स्वागत मंडळाने बाहेरून आणला. मांडवाला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथे मनुस्मृती जाळली गेली. आपण दरवर्षी त्या दिवसाची आठवण करतो, भाषणे होतात. पण तो शिधा कोणी आणला, एवढ्या माणसांचा भात कोणी शिजवला, भाकऱ्या कोणी थापल्या, हे विचारतो का? बाबासाहेब त्या वेळी स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. स्वच्छ राहा, नीट लुगडे नेसा, मुलींना शिकवा, आणि नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. बाईच्या हातात चूल आहे, म्हणजे तिच्या हातात सत्ता आहे, हे त्यांनी ओळखले होते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात चळवळीतल्या स्त्रियांची माहिती १९८९ सालीच जमवून ठेवली आहे. ज्यांच्या घरी नसेल त्यांनी ते आणावे.

तळ्याच्या पाण्याचा खटला दहा वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला, आणि तो आपल्या बाजूने लागला. दहा मिनिटांच्या थांब्यात हे कसे सांगायचे?

दुपारी बौद्धवाडीत गेलो. विहाराच्या ओसरीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. तथागतांना आणि बाबासाहेबांना वंदन झाले आणि पाने मांडली. तांदळाची भाकरी, भात, सुकटीचे कालवण, कुळथाची पिठी, भाजलेला बोंबील, कांदा, आमसुलाचे सार. एक मुलगी तांब्या-पेला घेऊन पाणी द्यायला आली. तीन-चार जणांनी तिला हाताने थांबवले आणि पिशवीतून विकतच्या बाटल्या काढल्या. बाहेरचे पाणी सोसत नाही, ही आजकाल सर्वांचीच तक्रार आहे आणि त्यांच्या मनात दुसरे काही होते असे मी म्हणणार नाही. मात्र याच मंडळींनी आदल्या दिवशी पेणला बर्फ घातलेला उसाचा रस दोन-दोन पेले प्याला होता. मुलगी तांब्या धरून तशीच उभी राहिली. चुलीपाशी बसलेल्या आजी तिथूनच म्हणाल्या, "उकळलेलं हाय, बाबांनो. मुंबयची माणसं येणार म्हनून सकाळीच उकळलंय. प्या." दोघांनी पेले पुढे केले. बाकीच्यांनी बाटल्याच तोंडाला लावल्या.

जेवण झाल्यावर लिहिणारी मंडळी आजींभोवती बसली. एकीने विचारले, "आजी, या कालवणाचं तुमचं खास गुपित काय?" आजी हसल्या. "गुपित कसलं बाय? आमच्या वेळंला तेल कुठं होतं? सुकट तव्यावर भाजायची, चोळायची, डोकी-शेपट्या पाखडून टाकायच्या, धुवायची. कांदा-लसूण ठेचून घालायचा, मिरची, आमसूल, झालं. माणसं जास्त आली तर पानी जास्त." मग म्हणाल्या, "सासरे परिषदेला गेलेले. फडक्यात भाकरी आन् भाजलेला बोंबील बांधून नेला. बोंबील तीन दिस टिकतो म्हनून." यावर दुसरीने विचारले की ही चव टिकवण्यासाठी तुम्ही काय करता. आजींना प्रश्नच कळला नाही. त्यांचा नातू महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, घरात गॅस आहे, तेलाचा डबा आहे. तेल नसतानाची चव टिकवावी असे त्यांना कशाला वाटेल?

मला या दोन्ही गोष्टींचा राग येतो. कोणी आपल्या सुकट-बोंबलाला नाक मुरडले तर येतो, आणि कोणी आपल्या जुन्या उपासमारीला 'अस्सल चव' म्हणून डोक्यावर घेतले तरी येतो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या लोकांचे खाणे लाज न बाळगता आणि सजावट न करता लिहिले. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आले. कोकणातल्या बौद्धवाड्यांवर असे पुस्तक व्हायला हवे, आणि ते लिहिणारी मुलगी बौद्धवाडीतूनच यावी. आजींसारख्या बाया आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. भाकरीबरोबर काय होते, पाणी कुठून आणत, कोणाच्या दारात उभे राहावे लागे, ताटात केव्हापासून फरक पडला, हे सगळे विचारा. शाळकरी मुलांनीही एक वही घालून हे काम करावे.

त्या दिवशी रायगड किल्ल्यावर जायला वेळ उरला नाही. दोघा-तिघांनी कुरकुर केली. नंतर छापून आलेले पाच लेख मी पाहिले. तिघांनी फक्त पोपटी आणि बिरडे लिहिले. एकाने दासगावच्या पाच मैलांवर छान लिहिले. दुधा-दह्यावाल्या बाईंनी १०८ घागरींची गोष्ट लिहिली आणि मला अंक पाठवला. आजींना तो वाचून दाखवायला मी पुन्हा जाणार आहे.

जाणाऱ्यांसाठी माहिती : मुंबईहून महाड रस्त्याने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. एस.टी. गाड्या आहेत. कोकण रेल्वेने गेल्यास वीर स्थानकावर उतरावे, पुढे रिक्षा किंवा एस.टी. २० मार्च आणि २५ डिसेंबरला अलोट गर्दी असते. लहान मुले, म्हातारी माणसे बरोबर असतील तर दुसरा एखादा दिवस निवडावा. सकाळी गांधारपाले लेणी पाहावीत, कारण ऊन चढल्यावर पायऱ्या जड जातात. मग चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ. शिदोरी घरूनच न्यावी. भाजलेला बोंबील आणि भाकरी खरोखरच टिकते. चटणीत पाणी घालू नये.