माळशिरसचा मुक्काम

माळशिरसला कोणी जात नाही, माळशिरस लागते. पुण्याहून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते करीत पंढरपूरकडे निघालेल्या माणसाला ते वाटेत लागते. एस.टी. थांबते, कोणी चहा घेतो, कोणी पाय मोकळे करतो आणि गाडी वेळापूरच्या दिशेने सुटते. तालुक्याचे गाव खरे, पण बाजारपेठ आणि बडेजाव पाहायचा तर जवळच्या अकलूजला जावे लागते. थोरल्या घरी धाकटी जाऊ वरचढ निघावी, तसा हा प्रकार आहे.

वर्षातली एक रात्र मात्र माळशिरसची असते. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते सोडते, वाटेत सदाशिवनगरला गोल रिंगण होते, माउलींचा अश्व धावतो, आणि रात्रीचा मुक्काम माळशिरसला पडतो. त्या रात्री गावात पाय ठेवायला जागा नसते. बाकीच्या रात्री हवी तितकी असते.

गेल्या मार्गशीर्षात मी तेथे दोन रात्री काढल्या. वेळापूरचे अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन देऊळ पाहावे आणि परतावे, एवढाच माझा बेत. सोबतीला माझी येझदी मोटारसायकल होती.

येझदीविषयी तरुण वाचकांसाठी दोन शब्द सांगायला हवेत. चेकोस्लोव्हाकियातल्या ‘जावा’ मोटारसायकली परवान्याने बनवणारा कारखाना म्हैसूरला निघाला आणि त्यातून १९६१ साली पहिली गाडी बाहेर पडली. १९७३ पासून तीच गाडी ‘येझदी’ या नावाने येऊ लागली. १९९६ साली कारखाना बंद झाला. जानेवारी २०२२ मध्ये हे नाव बाजारात पुन्हा आले, पण त्या गाड्या निराळ्या. जुन्या येझदीशी त्यांचे नाते आडनावापुरते. जुन्या गाडीची गंमत अशी, की सिलिंडर एकच, पण धुराच्या नळ्या दोन. किक आणि गिअर यांची दांडीही एकच. आत दाबून वर फिरवली की ती किक होते, खाली आणली की गिअर. नवख्या चोराने गाडी पळवायची म्हटली, तर दांडी शोधता शोधताच तो सापडायचा. माझी गाडी १९८६ सालची. म्हणजे चाळिशीला आलेली.

पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, आणि आता फलटणच्या पुढे रस्ता असा सरळ पडला आहे की डोळा लागावा. जुन्या रस्त्यावरची सावली देणारी झाडे पुष्कळ ठिकाणी गेली. दोन्ही अंगांना ऊस, मधून ज्वारी, आणि हंगामाचे दिवस असल्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. सदाशिवनगरजवळ आरशात पाहिले, तर मागे पांढऱ्या धुराचा लोट. क्षणभर वाटले, मागे कोणी पाचट पेटवले असेल. मग इंजिनातून ‘खर्र’ असा आवाज आला आणि मागचे चाक जागच्या जागी धरले. क्लच दाबून कसाबसा कडेला आलो. माउलींचा अश्व जेथे धावतो, तेथेच माझ्या घोड्याने बसकण मारली.

उसाचे वाढे घेऊन चाललेल्या एका ‘छोटा हत्ती’वाल्याने वाढ्यांवरच गाडी आडवी घातली आणि मला माळशिरसात एका मिस्त्रीच्या दारात उतरवले. भाडे विचारले तर म्हणाला, “असू द्या काका, मोकळ्या रस्त्याला व्हती.” वाढ्यांनी भरलेली गाडी मोकळी कशी, हे मी विचारले नाही.

मिस्त्री साठीच्या पुढचा. पत्र्याचे छप्पर, एक बाभूळ आणि तिच्या बुंध्याला टेकलेल्या पाच-सहा गाड्या, एवढे त्याचे गॅरेज. त्याने माझी किक हाताने सावकाश फिरवून पाहिली, कान लावला आणि म्हणाला, “किती सालची?” मी सांगितले. “मग माझ्यापरास धाकटीच की! मी अकलूजला हात काळं करत हुतो तवा रोज एक यायची.”

ही बढाई नव्हे. भाटघरचे धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी या बाजूला आले. सासवडच्या माळी मंडळींनी १९३२ साली माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला; पुढे सहकारी कारखाने झाले. ऊस गेला की पट्टी येई, आणि पट्टीतून घराच्या खालोखाल मोटारसायकल येई. राजदूत, येझदी, बुलेट. त्याच तालुक्याच्या पिलीवकडच्या अंगाला मात्र पावसाची वाट पाहणे चुकले नाही. मिस्त्री तिकडचाच. शेतात भागेना म्हणून पान्याला हात घातलेला.

“उघडल्याबिगर काय बोलायचं न्हाई,” तो म्हणाला. “पर ऐकून ठेवा. पिस्टन मिळंल, बोअर हुईल, सील मिळंल. बेअरिंगचं घर धड पायजे.” बेअरिंग ज्या ॲल्युमिनियमच्या खोबणीत बसते, तिला तो घर म्हणत होता. ते घर सैल झाले की बेअरिंग त्यात फिरू लागते. काही जण खोबणीला पंचाने ठिपके मारून ते घट्ट करतात, पण ते काम फार दिवस टिकत नाही. “घर गेलं असंल तर मी पैसं घेणार न्हाई, आन् कामबी करणार न्हाई.”

इंजिन उघडणे दुसऱ्या दिवसावर गेले. संध्याकाळपर्यंत बातमी मात्र गावभर झाली. मी लॉजवर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात असताना एक तरुण गृहस्थ येऊन समोर बसले. पालखी मार्गावर त्यांचे नवे हॉटेल उभे राहत होते. “काका, आहे तशी द्या. साठ हजार रोख. आम्हांला चालू नको आहे.” हॉटेलच्या दारात चौथरा बांधून, रंग मारून, खाली दिवे लावून ते तिला उभी करणार होते. लोक फोटो काढतात म्हणाले. माणूस सरळ होता आणि भाव चोख होता. मिस्त्रीच्या अंदाजाने पुऱ्या कामाला चोवीस हजार लागणार होते. एका बाजूला साठ येतात, दुसऱ्या बाजूला चोवीस जातात. चौऱ्याऐंशी हजारांचा फरक पडतो. हे गणित मी त्या रात्री तीन वेळा केले. प्रत्येक वेळी उत्तर तेच आले.

शिवाय सरकारचेही एक गणित होते. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. माझी मुदत मार्चमध्ये संपत होती. म्हणजे प्रश्न चोवीस हजारांचा नव्हता, पाच वर्षांचा होता. मी चौसष्ट वर्षांचा आहे. एकोणसत्तराव्या वर्षी हा उजवा-डावा गुडघा ही किक मारू देणार आहे का?

चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, “बाबा, साठ हजार घ्या आणि विजेची स्कूटर घ्या.” सल्ला शहाणपणाचा होता, म्हणून मनाला लागला. मग आमच्या घरी फोन केला.

“अहो, आधी तुम्ही पडला-बिडला नाहीत ना?” मग सगळे ऐकून घेऊन, “वर्षात किती वेळा बाहेर काढलीत ती?”

मी पेट्रोलची वही ठेवतो. ती खिशातच होती. अकरा वेळा, नऊशे चाळीस किलोमीटर.

“म्हणजे चालते आहे. दारात शोभेला उभी करायची असेल तर त्यांच्या दारात राहू दे. दिवे तरी लागतील. चालवणार असाल तर दुरुस्त करा. पण किक तुम्ही मारायची. वॉचमनला हाक मारायची नाही.”

सकाळी इंजिन उघडले. घमेल्यात एकेक भाग उतरत गेला. गिअरच्या बाजूचे ऑइल सील वयाने कडक होऊन फाटले होते. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत येते आणि मग वर सिलिंडरमध्ये चढते. सील गेल्यावर पेटीने गिअरचे ऑइल ओढले, त्याचा तो पांढरा धूर. पिस्टनवर आडवेतिडवे ओरखडे होते. सिलिंडर घासला होता, पण बोअरला आणखी एक साइज शिल्लक होता. कनेक्टिंग रॉडला खेळ आला होता. मग मिस्त्रीने जुने बेअरिंग काढले, खोबण पेट्रोलने धुतली, नखाने चाचपली, नवे बेअरिंग हातात घेऊन तेथे टेकवले. ते आपोआप आत जाईना. पेटी गरम केल्याशिवाय ते जाणारच नव्हते.

“घर धड हाय,” तो म्हणाला.

हॉटेलवाल्या गृहस्थांना मी फोनवरून नकार कळवला. ते म्हणाले, “वाटलंच होतं. चहाला तरी या.”

रंगाला हात लावायचा नाही, क्रोमला लावायचा नाही, फक्त आतले काम करायचे, असे ठरले. हल्ली जुन्या गाड्यांना आरशासारख्या करून पावसात न काढणारी हौशी मंडळी पुष्कळ झाली आहेत. त्यांच्या हौसेविषयी मला आदर आहे, त्यांच्या गाड्यांची मात्र कीव येते. पाच हजार आगाऊ दिले. क्रँक गोणपाटात गुंडाळून अकलूजला लेथवर निघाला. तेथे तो दाबाने सुटा करून, नवा रॉड घालून, पुन्हा केसभरही वाकडा फिरणार नाही असा जुळवायचा होता. मी एस.टी.ने परतलो.

माघी एकादशी झाल्यावर गाडी न्यायला आलो. मिस्त्रीने जुना पिस्टन, रॉड आणि फाटलेले सील एका पिशवीत घालून आधी हातात दिले, मग बिल दिले. बिल सव्वीस हजारांचे झाले होते. वाढलेले दोन हजार लेथचे. त्याच्या धाकट्या पुतण्याने किकला पाय लावला, तेव्हा त्याला बाजूला सारून तो म्हणाला, “त्यांस्नी मारू दे.” चौथ्या किकेला इंजिन लागले.

“पाचशे किलोमीटर चाळिसाच्या वर न्यायची न्हाई. मधे मधे थांबायचं. पेट्रोलात ऑइल जरा जास्त.”

दहा वाजता निघालो. वेळापूरचे देऊळ पाहिले. उलट फिरून माळशिरस, नातेपुते, फलटण असे चाळिसाच्या चालीने आलो. उसाने भरलेले ट्रॅक्टर मला मागे टाकून जात होते आणि त्यांचे ड्रायव्हर हात करीत होते. लोणंदला अंधार पडला, तेथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवे घाट उतरून घरी पोचलो आणि वहीत लिहिले: २०४ किलोमीटर झाले, २९६ बाकी.