पान उलटण्याआधी

आम्ही दोघी नणंद-भावजय. जुन्या नाशकात, दूध बाजाराजवळच्या एका गल्लीत आमचं घर आहे. अस्रच्या नमाजनंतर मगरिबपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत वीसेक मुलं अभ्यासाला बसतात. फी नाही, पाटी नाही, नावही नाही. आमच्यापैकी एकीने डी.एड. केलेलं, दुसरी बारावीनंतर घरसंसारात पडलेली. मुलांसाठी मात्र दोघीही ‘बाजी’. आज आम्हाला आमच्याच एका चुकीबद्दल लिहायचं आहे, कारण ती चूक पुष्कळ घरांत होत असावी असं आम्हाला वाटतं.

हा वर्ग आम्ही 2022 च्या जूनमध्ये सुरू केला. करोनामुळे मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, आणि तेव्हा दुसरीत असलेल्या मुलांची तिसरी-चौथी बरीचशी घरातच गेली. ती मुलं आता पाचवीत आली होती. आमच्याकडे एक फोन होता आणि बालभारतीची पुस्तकं होती. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की ‘दीक्षा’ अॅपवर त्या धड्याचा व्हिडिओ, कविता, स्वाध्याय उघडतात. हे अॅप 2017 पासून आहे, फुकट आहे. आम्ही फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचो आणि मुलं त्याच्यामागे एका सुरात धडा म्हणायची. पोरं इतकी रमायची की उठायला तयार नसायची. आम्हाला वाटलं, आपल्या हाती किल्लीच लागली.

मग आम्ही आयांना बोलावून सांगितलं, “जमलं तर घरात मुलांसाठी एक स्मार्टफोन ठेवा. मागे पडलेली मुलं भरभर पुढे येतील.”

त्या वर्गात पाचवीतली एक मुलगी होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. शिकायला मराठी माध्यमात, वडील अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर, आई घरी काज-बटनाचं काम करणारी. ही मुलगी धडा असा घडाघडा वाचायची की बाकीची मुलं तोंडाकडे बघत राहायची. आम्ही तिला उभं करून वाचायला लावलं, व्हिडिओ काढला आणि आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तिच्या आईला किती आनंद झाला असेल! त्याच महिन्यात तिची भिशी लागली. पावसाच्या आधी घरावरचे पत्रे बदलायचे म्हणून ती भिशी घातलेली होती. तिने त्यातून आठ हजारांचा फोन घेतला.

दोन-तीन आठवड्यांनी ती मुलगी आमच्यासमोर बसून वाचत होती. वाचता वाचता पानाच्या शेवटी आली आणि पान उलटण्याआधीच पुढच्या पानावरचं वाक्य म्हणाली.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पाटी घेतली आणि त्याच धड्यातले सहा शब्द उलटसुलट लिहून तिच्यापुढे ठेवले. तिला दोनच वाचता आले. बाकीच्या शब्दांऐवजी ती आमचा चेहरा वाचत होती. ती मुलगी खोटं बोलत नव्हती. ऐकून ऐकून धडा पाठ झाला होता आणि त्यालाच वाचन म्हणतात, असं तिला वाटत होतं. आम्हालाही तसंच वाटलं होतं, आणि आम्ही तर मोठ्या होतो.

दुसऱ्या दिवशी एकेका मुलाला वेगळं बसवून तपासलं. ‘असर’ नावाची एक पाहणी 2005 पासून देशभरातल्या खेड्यांत होते. नाव ऐकून आपल्याला नमाज आठवते, पण इथे ‘असर’ म्हणजे परिणाम. ‘प्रथम’ या संस्थेच्या या पाहणीत स्वयंसेवक घरोघर जाऊन अक्षरं, साधे शब्द, चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट यांपैकी मुलाला कुठपर्यंत वाचता येतं ते पाहतात. एवढंच. आम्हीही तेच केलं. आमच्याकडची निम्म्याच्या आसपास मुलं गोष्टीपर्यंत पोचलीच नाहीत. हे दुखणं आपल्या एकट्या मोहल्ल्याचं नाही. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या 44.8 टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला.

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. सगळं ऐकून तिची आई एवढंच म्हणाली, “बाजी, ती रोज मोठ्याने म्हणायची. मला कुठे वाचता येतं? मला वाटायचं, वाचतेय.” थोड्या वेळाने तिने विचारलं, “फोन परत घेतील का ते?” दुकानदार आता परत घेणार नव्हता. त्या पावसाळ्यात त्या घरावर प्लास्टिकचा कागद बांधलेला आम्ही रोज पाहिला.

आणि फोन तरी मुलीच्या हातात कुठे होता? मोठा भाऊ घरी आला की तो त्याचा. ‘असर’च्या त्याच पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांना फोनबद्दलही विचारलं होतं. जवळजवळ 90 टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे 57 टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76 टक्के निघाले. वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 36.2 टक्क्यांकडे स्वतःचा फोन, मुलींपैकी 26.9 टक्क्यांकडे.

आम्ही पद्धत बदलली. इयत्ता बाजूला ठेवली आणि ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गट केले. ‘प्रथम’वाले हेच करत आले आहेत. अक्षरवाले एका चटईवर, शब्दवाले दुसऱ्या. पाचवीची मुलगी तिसरीच्या मुलाशेजारी बसली. पहिले दोन दिवस ती रडली, तिसऱ्या दिवशी त्यालाच शिकवू लागली.

दुसरी गोष्ट कानाची. आपल्या घरात उर्दू-हिंदी मिसळलेली बोली, पुस्तकात मराठी. मुलं ‘वेळ झाली’ला ‘वेल झाली’ म्हणतात, ‘काळ’ आणि ‘काल’ त्यांना एकच ऐकू येतात. जो फरक ऐकू येत नाही तो वाचताना कसा कळणार? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि सरांनी पुस्तकातला मजकूर आधी त्या भाषेत नेला, हे आपण विसरतो. कोड नंतर आला.

इथे फोन खरा कामाला आला. व्हिडिओ बंद केले, साधा रेकॉर्डर सुरू केला. मूल पाच शब्द वाचतं, आपलाच आवाज ऐकतं, मग बाजीचा आवाज ऐकतं. “बाजी, मी ‘वेल’ म्हटलं!” असं ओरडून स्वतःची चूक सांगणारी मुलं पाहिली आणि आमचा जीव भांड्यात पडला.

तिच्या आईलाही आम्ही एक काम दिलं. रात्री आठ ते साडेआठ फोन मुलीचाच, भाऊ घरी असला तरी. आम्ही पाच नवे शब्द चिठ्ठीवर लिहून द्यायचो. ते मुलीने आईशेजारी बसून खालून वर वाचायचे आणि आवाज आम्हाला पाठवायचा. क्रम उलटा झाला की पाठांतर उघडं पडतं. आईला अक्षर येत नसलं तरी फोन कुणाच्या हातात आहे हे तिला कळतं. त्या अर्ध्या तासासाठी ती मुलाशी भांडली, नवऱ्याशीही बोलली. आम्ही दिलेल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला.

शब्दांवरून उताऱ्यावर यायला चार महिने लागले. परीक्षेच्या आधी तिने कधीच न पाहिलेली एक गोष्ट शेवटपर्यंत वाचली. जोडाक्षरांना अडखळली, दोनदा थांबली, आणि पूर्वीसारखी घडाघडा तर मुळीच नाही. यावेळी आम्ही व्हिडिओ काढला नाही. आज ती आठवीत आहे. पत्रे पुढच्या वर्षी बदलले. त्या भिशीत आमच्या घरचाही एक हप्ता होता, एवढं तरी करणं आमच्यावर लागत होतं.

वाचक बहिणींनो, आज रात्री एवढंच करून पाहा. मुलाला पुस्तकातल्या ओळखीच्या पानाऐवजी किराण्याची पुडी, दवाखान्याची चिठ्ठी किंवा हेच मासिक वाचायला द्या. अडखळला तर रागावू नका आणि न अडखळता वाचला तर लगेच खूशही होऊ नका, एखादी ओळ खालून वर वाचायला सांगा. फोन विकत घ्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा. अल्लाह आपल्या मुलांना खरी तालीम नसीब करो.