सागरचे एक वर्ष



आपल्या शाळेच्या पालकांमध्ये पोलीस खात्यातील मंडळी पूर्वीपासून आहेत. पूर्वी ते बहुतेक वडील असत, आता आयाही दिसू लागल्या आहेत. ज्यांचे पती किंवा पत्नी प्रशिक्षणास निघतात, ते पालक मला हटकून विचारतात, "सर, एवढे दिवस घर कसं सांभाळायचं?" मला विचारण्याचे कारण असे, की या वाटेने मी स्वतः गेलो आहे. तेव्हा चार अनुभवाचे शब्द लिहितो.

१९९७ साली माझ्या पत्नीची मध्य प्रदेश पोलिसात उपनिरीक्षक पदावर निवड झाली. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती आणि मी साधा शिक्षक होतो. प्रशिक्षण सागरच्या जवाहरलाल नेहरू पोलीस अकादमीत, एक वर्षाचे. ही अकादमी सागरच्या जुन्या किल्ल्यात, तलावाच्या काठी आहे. मराठी माणसाला हे गाव परके वाटायचे कारण नाही. गोविंदपंत बुंदेले, म्हणजे मूळचे खेर, पेशव्यांच्या वतीने येथूनच बुंदेलखंडाचा कारभार पाहत. पानिपतच्या युद्धाआधी थोडेच दिवस, डिसेंबर १७६० मध्ये, ते मारले गेले. माझ्या आईला हा इतिहास सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्याच माणसांच्या किल्ल्यात चालली आहे. जाऊ दे." आमच्या घरची परवानगी ही अशी मिळाली.

नातेवाइकांचे मत मात्र निराळे होते. "नवरा घरी पोर सांभाळणार आणि बायको परेड करणार?" हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या वेळा ऐकले, की पुढे त्याचे काही वाटेनासे झाले. मुलीची वेणी घालायला मी शिकलो. पहिले आठ दिवस शेजारच्या वहिनी ती वेणी पाहून हसत, नवव्या दिवशी हसल्या नाहीत.

प्रशिक्षणार्थींचा दिवस पहाटे अंधारातच सुरू होई. आधी पी.टी., मग कवायत, मग कायद्याचे वर्ग, संध्याकाळी खेळ आणि रात्री हजेरी. सुमारे चार किलोची रायफल घेऊन मैदानाला फेऱ्या. सुरुवातीला पायांना फोड येत. घरून काय पाठवावे, हे आम्ही तिच्या पत्रांवरून शिकलो. जाड सुती मोजे, नवे बूट मऊ करायला तेल, आणि आईच्या हातचे डिंकाचे लाडू. लाडू पहिल्याच रात्री खोलीतल्या सगळ्याजणी संपवत, म्हणून पुढे आई दुप्पट करू लागली.

पण खरी अडचण पायांची नव्हती, शब्दांची होती. पत्नीचे सर्व शिक्षण खानदेशात मराठीतून झालेले. इकडे कायदा हिंदीतून, आणि पोलीस ठाण्याची भाषा तर हिंदीहूनही वेगळी. अकस्मात मृत्यूच्या नोंदीला 'मर्ग', ठाण्याच्या दैनंदिनीला 'रोजनामचा', घटनास्थळीच लिहून घेतलेल्या तक्रारीला 'देहाती नालसी'. तपासाला म्हणायचे 'विवेचना', आणि आपण मराठीत विवेचन करतो ते कवितेचे! एकदा तिने लिहिले, "इथे 'शिक्षा' हा शब्द ऐकला की मी दचकते. इतरजणी मात्र खुशाल बसलेल्या असतात." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. पण कान मराठी होते, ते एकदम कसे बदलणार?

येथे माझा उपयोग झाला. मी पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो. घरी मराठी आणि महाविद्यालयात हिंदी, यामुळे आपली कुठलीच भाषा धड नाही, अशी खंत मला तरुणपणी वाटे. त्या वर्षी ती गेली. दंड संहिता आणि दंड प्रक्रिया संहितेची हिंदी पुस्तके मी इंदूरमध्ये विकत घेतली. रोज रात्री मुलगी झोपल्यावर दहा शब्द काढी. एका वहीत डावीकडे ठाण्याचा शब्द, मध्ये मराठी अर्थ, उजवीकडे एक छोटे वाक्य. आठवड्याची पाने नकलून रविवारच्या पत्रातून पाठवी. परीक्षेपर्यंत सहाशेच्या वर शब्द झाले. तिच्या खोलीत बैतूलची एक मराठी मुलगी होती, तीही त्यावरच अभ्यास करी.

निघण्यापूर्वी आम्ही एक नियम ठरवला होता. पत्रात चांगले-वाईट दोन्ही लिहायचे, काही लपवायचे नाही. नोव्हेंबरात या नियमाची परीक्षा झाली. मुलीला गोवर निघाला, ताप उतरेना. घरात सगळ्यांचे म्हणणे पडले, की तिला कळवू नका, ती प्रशिक्षण सोडून येईल. मी अकादमीत फोन करून निरोप ठेवला. संध्याकाळी तिचा फोन आला. ताप किती, पुरळ कुठवर आले, डॉक्टर काय म्हणाले, पाणी पिते का, सगळे तिने विचारले आणि मी जसे होते तसे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सांगताय म्हणजे तेवढंच आहे. मी उद्या परेडला जाते. पण रोज फोन करीन." पाचव्या दिवशी ताप उतरला. मी ते लपवले असते, तर पुढच्या प्रत्येक 'सर्व कुशल'वर तिचा विश्वास बसला नसता आणि वर्ष पुरे झाले नसते.

दीक्षांत परेडला आम्ही तिघे सागरला गेलो. आईने सुनेला गणवेशात प्रथमच पाहिले. ओवाळायचे तबक तिने इंदूरहूनच आणले होते.

१ जुलै २०२४ पासून देशात नवे कायदे लागू झाले. भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचे ३०२ कलम १०३ झाले. प्रथम सूचना अहवालाचे १५४ कलम नागरिक सुरक्षा संहितेत १७३ झाले. पत्नी अजून सेवेत आहे. या वयात तिला पुन्हा अभ्यासाला बसावे लागले. या वेळी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आमच्या मुलीने करून दिला. माझ्या वहीतली कलमे आता जुनी झाली, शब्द मात्र ठाण्यात अजून तेच आहेत.

तेव्हा पालकहो, घरचे माणूस प्रशिक्षणाला गेले तर त्याला रोज धीर द्यावाच लागतो असे नाही. त्याचे कुठे अडते आहे ते विचारा, त्यातले आपल्याला काय येते ते पाहा, आणि घरची बातमी खरी द्या. आणि मुलांनो, ज्यांची आई किंवा बाबा सध्या दूर आहेत, त्यांनी दर रविवारी एक पत्र लिहावे. शुद्धलेखनात मदत लागली तर माझ्याकडे यावे. मराठी-हिंदी दोन्ही तपासून मिळेल.